पाकीटबंद खाण्यामुळे जीवनसत्त्वं आणि खनिजं कमी पडू नयेत म्हणून काय करावं

पोट भरतं, वजनही वाढतं, तरी रक्ताच्या तपासणीत लोह किंवा फोलेट (एक ब जीवनसत्त्व) कमी निघतं. याची कारणं अनेक असतात, पण आपल्या ताटातली किती जागा अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांनी व्यापली आहे, हे फार थोडे लोक तपासतात. मोठ्या माणसाला दिवसाला लागणारी ऊर्जा ठरावीक असते. त्यातली निम्मी बिस्किटं, गोड पेयं आणि झटपट नूडल्स यांतून आली, तर उरलेल्या निम्म्या खाण्यातून मॅग्नेशियम, पोटॅशियम, जस्त, क जीवनसत्त्व सगळं भरून काढणं अवघड होतं. म्हणून गोळ्यांच्या आधी ताटाकडे पाहा.

१. तीन दिवसांचं खाणं लिहा. दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा. दोन जेवणांच्या मधे तोंडात टाकलेलं आणि प्यायलेलंही लिहा. बहुतेकदा खरी गोष्ट तिथेच सापडते.

२. पाकीट उलटं करून घटक वाचा. पाकिटात आहे म्हणून पदार्थ वाईट ठरत नाही. गोठवलेले मटार, साधं दही, पाश्चराइज्ड दूध, सुकी कडधान्यं खुशाल घ्या. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनी 2009 मध्ये प्रक्रियेच्या स्वरूपावरून अन्नाची विभागणी करण्याचा विचार मांडला. पुढे त्यातून चार गटांचं ‘नोव्हा’ वर्गीकरण रूढ झालं. त्यातला चौथा गट, म्हणजे अतिप्रक्रिया केलेले पदार्थ, आपल्या कामाचा. माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद, प्रोटीन आयसोलेट अशी घरच्या स्वयंपाकात कधीच न लागणारी नावं दिसली की पदार्थ बहुधा याच गटातला. घटक सहसा वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मैदा, साखर आणि तेल पहिल्या तीनांत असतील, तर पुढे बारीक अक्षरात लिहिलेल्या बदामाचा फारसा उपयोग नाही.

३. ‘जीवनसत्त्वयुक्त’ या शब्दावर थांबू नका. 100 ग्रॅम अख्ख्या गव्हाच्या पिठात सुमारे 137 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, तेवढ्याच मैद्यात जेमतेम 22. कोंडा आणि अंकुर काढले की मॅग्नेशियमबरोबर जस्त, ई जीवनसत्त्व आणि तंतूही (फायबर) जातात. नंतर वरून लोह आणि काही ब जीवनसत्त्वं घालतात. मॅग्नेशियम सहसा कुणी परत घालत नाही.

४. सगळ्यात जास्त वेळा येणारा एकच पदार्थ बदला. सगळं एकदम बंद करायला जाऊ नका, ते टिकत नाही. गोड पेयाऐवजी पाणी आणि एक फळ, बिस्किटांऐवजी मूठभर शेंगदाणे, नूडल्सऐवजी डाळ किंवा अंडं. जमलं नाही तर स्वतःला दोष देऊ नका. अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 20 जणांना दोन प्रकारचा आहार आलटून पालटून दिला. दोन्हींत समोर ठेवलेली ऊर्जा, साखर, मीठ, तंतू सारखेच होते, तरी अतिप्रक्रिया केलेल्या आहारात माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. हे पदार्थ जास्त खाल्लेच जातात, म्हणून पर्याय हाताशी तयार ठेवणं महत्त्वाचं.

इथे एक काळजी मात्र घ्याच. तुम्ही दूध, अंडी, मांस काहीच खात नसाल, तर ब-१२ मिसळलेलं सोया दूध किंवा कॉर्नफ्लेक्ससारखं न्याहारीचं धान्य हाच कदाचित तुमचा ब-१२ मिळण्याचा एकमेव मार्ग असेल. ते बंद करण्याआधी दुसरी सोय करा. आयोडीनचंही बघा: पाकीटबंद पदार्थांत मीठ भरपूर असलं, तरी ते आयोडीनयुक्त असेलच असं नाही. घरी आयोडीनयुक्त मीठच वापरा, पण दिवसभराचं सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत.

५. खाल्लेलं अंगी लागू द्या. डाळी-पालेभाज्यांबरोबर लिंबू किंवा आंबट फळ घेतलं की त्यातलं लोह चांगलं शोषलं जातं. चहा-कॉफी जेवणानंतर तासाभराने घ्या. भाजी उकळून पाणी ओतून दिलं की फोलेट आणि क जीवनसत्त्व त्याबरोबर जातं. ते पाणी आमटीत वापरा.

६. गोळ्या तपासणीनंतरच. गरज नसताना घेतलेलं लोह अपाय करू शकतं. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर फळं, भाज्या, डाळी वाढवण्याआधीही डॉक्टरांना विचारा, कारण त्यातलं पोटॅशियम तुम्हाला जास्त होऊ शकतं.