टेक्निकल रायटिंगमध्ये येताय? पदाच्या नावावर जाऊ नका

माझ्या पहिल्या ऑफर लेटरवर पद होतं 'इन्फर्मेशन डेव्हलपर'. घरच्यांना वाटलं, मी प्रोग्रॅमिंग करणार. प्रत्यक्षात काम होतं सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहिण्याचं. पुढे तेच काम मी 'टेक्निकल रायटर' म्हणून केलं, आणि नंतर 'डॉक्युमेंटेशन इंजिनिअर' म्हणूनही.

त्यामुळे नोकरी शोधताना एकाच नावावर थांबू नका. 'टेक्निकल कम्युनिकेटर', 'कंटेंट डेव्हलपर' हीही नावं टाकून बघा. 'यूएक्स रायटर'चं काम मात्र वेगळं; बटणावरचे शब्द, एरर मेसेज असा स्क्रीनवरचा मजकूर तो लिहितो. जाहिरात शेवटपर्यंत वाचा. गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन), मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत), एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची सोय) हे शब्द दिसले की बहुधा डेव्हलपर्ससाठी लिहायचं असतं. डिटा (DITA) ही लिहिण्याची पद्धत दिसली, तर मजकूर सुट्या तुकड्यांत लिहून अनेक मॅन्युअल्समध्ये वापरायचा असतो. ही पद्धत आयबीएममध्ये तयार झाली आणि २००५ मध्ये ओएसिस या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली.

मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारते : प्रॉडक्ट मला स्वतःला वापरायला मिळेल का? एका नोकरीत माझ्या पदामागे 'सीनियर' लागलं होतं, पण ॲक्सेस नव्हता. आलेल्या स्क्रीनशॉटवरून लिहायचं. मी लिहिलं, 'सेव्हवर क्लिक करा.' पण त्याआधी एका चौकटीत टिक केल्याशिवाय ते बटण चालूच व्हायचं नाही, आणि स्क्रीनशॉटमध्ये ती टिक आधीच केलेली! ग्राहकांच्या तक्रारी आल्या तेव्हा मला हे कळलं. फार वाईट वाटलं होतं.

आता संस्थांविषयी. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशनची मुळं १९५३ पर्यंत जातात. जानेवारी २०२५ मध्ये आर्थिक अडचणींमुळे ती बंद झाली, तेव्हा या क्षेत्रातल्या कित्येकांसारखी मीही हळहळले. जुन्या लेखांत तिच्या सर्टिफिकेटचा सल्ला अजून सापडतो, तो सोडून द्या. ब्रिटनमध्ये टेक्निकल रायटर्सची तशीच संस्था आहे, आयएसटीसी. जर्मनीत १९७८ पासूनची टेकोम आहे, युरोपात काम करायचं असेल तर तिच्याकडे जरूर बघा.

पण अगदी नवख्याने सुरुवात 'राइट द डॉक्स'पासून करावी असं माझं स्पष्ट मत आहे. २०१३ पासूनचा हा समूह आहे आणि त्यांच्या स्लॅकवर (गप्पांच्या ॲपवर) यायला पैसे पडत नाहीत. तिथे 'कोणतं पद चांगलं?' असं विचारण्यापेक्षा तुम्ही लिहिलेलं एक पान पुढे ठेवा आणि वाचणारा कुठे अडतो ते विचारा. मी असं पहिल्यांदा एका अनुभवी रायटरला विचारलं होतं, तेव्हा उत्तर आलं, "तिसऱ्या पायरीवर." मला तीच सगळ्यात सोपी वाटली होती. ते पान मी त्या रात्री पुन्हा लिहायला घेतलं.