शर्यतपटूवरचा माहितीपट कसा पाहावा

इंदूरजवळ पीथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ची ११.३ किलोमीटर लांबीची वेगचाचणी धावपट्टी आहे. पण तिथे वाहने तपासली जातात, फॉर्म्युला वनची शर्यत भरत नाही. त्यामुळे नामवंत शर्यतपटू आपल्या इंदूरकरांना भेटतात ते बहुधा पडद्यावरच, आणि पडद्यावरचा माणूस संकलकाने घडवलेला असतो. तो कसा घडवला आहे, हे ओळखण्याची सवय लावून घेता येते.

आरंभी श्रेयनामावली वाचावी आणि साहाय्य कोणाचे आहे ते पाहावे. फॉर्म्युला वनचा जर्मन शर्यतपटू मिखाएल शूमाखर याच्यावरचा २०२१ चा माहितीपट त्याच्या कुटुंबाच्या सहकार्याने झाला. २९ डिसेंबर २०१३ च्या अपघातानंतर तो लोकांसमोर आलेला नाही, त्यामुळे त्याच्याविषयी बोलतात ती जवळची माणसे, आणि त्यांच्या बोलण्यात माया असणारच. १९९७ साली स्पेनमधल्या हेरेझला त्याने प्रतिस्पर्धी जाक व्हिल्नव्हच्या गाडीवर गाडी घातली आणि त्या मोसमाच्या गुणतालिकेतून त्याला वगळण्यात आले. या प्रसंगाला किती मिनिटे मिळाली आणि घरगुती चित्रफितींना किती, हे घड्याळ लावून मोजावे.

नंतर एखादी शर्यत निवडून तिथे थांबावे. ब्राझीलचा शर्यतपटू आयर्टन सेन्ना याच्यावरचा २०१० चा माहितीपट जवळजवळ संपूर्णपणे जुन्या चित्रीकरणावर उभा आहे. मुलाखत देणाऱ्यांचा आवाज ऐकू येतो, चेहरे मात्र दिसत नाहीत. त्यामुळे घटना आपल्यासमोर आपोआप घडते आहे असे वाटते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त सावध इथेच राहावे. १९८९ च्या जपानमधल्या सुझुका शर्यतीत सेन्ना आणि त्याचा प्रतिस्पर्धी आलँ प्रॉस्ट एकमेकांवर आदळले. सेन्ना पुन्हा निघाला, पहिला आला, बाद ठरला आणि मोसमाचे विजेतेपद प्रॉस्टला मिळाले. पुढच्या वर्षी तिथेच, पहिल्याच वळणावर, दोघे पुन्हा भिडले आणि त्या मोसमाचा विजेता सेन्ना झाला. ती धडक हेतुपुरस्सर होती हे त्याने १९९१ मध्ये मान्य केले. दोन्ही प्रसंग लागोपाठ पाहावेत: कॅमेरा कोणाच्या गाडीत आहे, संगीत कधी सुरू होते, टक्कर झाल्यावर प्रथम कोणाचा चेहरा दिसतो. प्रॉस्टने आपल्या चित्रणाविषयी उघड नाराजी व्यक्त केली होती, ती का, हे यातून बरेच उलगडते.

मालिका पाहताना आवाजाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण एका ठिकाणचे वाक्य दुसऱ्या दृश्यावर बसवणे सोपे असते. वैर बनावटपणे रंगवले जाते, असे सांगून शर्यतपटू मॅक्स व्हर्स्टापनने फॉर्म्युला वनवरच्या ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ या मालिकेला काही काळ मुलाखती देणे थांबवले होते. शंका आली तर त्या शर्यतीचा अधिकृत निकाल उघडून ताडून पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे.

घरी मुलांसह पाहणार असाल, तर सेन्नाच्या माहितीपटाचा शेवटचा भाग आधी एकट्याने पाहावा. इटलीतल्या इमोला इथे ३० एप्रिल १९९४ ला शर्यतपटू रोलँड रॅट्झेनबर्गर आणि दुसऱ्या दिवशी सेन्ना असे दोघे अपघातात मरण पावले, आणि दोन्ही अपघात त्यात येतात.