गोव्यातून बदामीला: वालुकाश्मावर चढाई करताना

चिरेखाणींच्या आसपास वाढलेल्या गोमंतकीय मुलांना दगडाची पारख असते, परंतु बदामीत नेमकी तीच पारख आड येते. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्यावर राहून टणक होतो. पावसाने त्याचे फारसे बिघडत नाही, ही समजूत आपल्या मनात पक्की बसलेली असते. बदामीचा तांबडा वालुकाश्म मात्र पाणी मुरले की कमजोर होतो आणि वरून कोरडा दिसला तरी आतून ओला राहतो.

एका डिसेंबरात अवकाळी पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्याच सकाळी मी कड्याला हात घातला. भाकरीएवढी एक पकड अलगद हातात आली. दोर वरून लावलेला असल्यामुळे मी फूटभरच खाली आलो. पण तुटलेल्या जागी खडक गडद दिसत होता आणि नख लावताच त्याची ओलसर वाळू होत होती. तेव्हापासून पावसानंतर किमान दोन दिवस थांबायचे आणि कड्याच्या पायथ्याची माती बोटभर उकरून पाहायची, हा नियम मी पाळतो. माती ओली लागली, तर तो दिवस लेणी पाहण्यात घालवावा. तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजा मंगलेशाचा इ. स. 578 चा शिलालेख आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चोर्ला घाटातून बेळगाव गाठून पुढे बागलकोट जिल्ह्यात उतरावे, किंवा मडगावहून रेल्वेने हुबळीला जाऊन तेथे गाडी बदलावी. लेणी, देवळे व किल्ल्याच्या परिसरातील संरक्षित भागांत चढाई करू नये आणि कोणत्या कड्यावर जायचे ते स्थानिक वाटाड्याला विचारूनच ठरवावे.

येथील खडक आडव्या थरांचा असल्यामुळे थरांमधील फटींत बोटे छान बसतात. नवशिक्याला ही मोठी सोय आहे. तरीही भार टाकण्यापूर्वी प्रत्येक पकड तळहाताने ठोकून पाहावी आणि पोकळ आवाज आला तर ती सोडून द्यावी. साठ मीटरचा दोर असेल, तर तीस मीटरपेक्षा उंच मार्गावरून माणसाला जमिनीपर्यंत उतरवता येत नाही. म्हणून मार्गाची उंची आधी विचारावी आणि दोराच्या मोकळ्या टोकाला न विसरता गाठ मारावी. चढणाऱ्याची आठाची गाठ व हार्नेसचे (कमरेला बांधायच्या पट्ट्याचे) बकल आणि बिले देणाऱ्याचा, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याचा, कुलूपवाला कॅरॅबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) दोघांनी एकमेकांचा तपासावा, आणि तोही डोळ्यांनी नव्हे, हाताने ओढून. दोराखाली ताडपत्री अंथरावी, कारण वाळूचे कण दोरात शिरले की धागे आतून झिजतात. हेल्मेट खाली उभ्या असलेल्यानेही घालावे.

ज्यांना दोराशिवाय बुटक्या खडकांवरच खेळायचे आहे, त्यांनी सरळ हंपी गाठावी. तेथील ग्रॅनाइट भक्कम आहे, मात्र बोटांची साले काढतो. क्रॅशपॅड, म्हणजे खाली अंथरायच्या जाड गाद्या, दोन असावेत आणि पडणाऱ्याला झेलायला न जाता त्याचे डोके व पाठ पॅडकडे वळवावी.

हातांना लावलेल्या चॉकच्या भुकटीचे खडकावरील डाग नायलॉनच्या ब्रशने पुसावेत. तारेचा ब्रश वालुकाश्म खरवडून काढतो. डबा पिशवीत नीट बंद ठेवावा, कारण बदामीची माकडे आपण अर्ध्या कड्यावर असतानाच खाली येतात.