मराठी विकिपीडियावरच्या ‘पसंती’: सही, वेळ आणि वाचायचं पान

मराठी विकिपीडियावर खातं उघडलं की लेखाला हात लावण्याआधी ‘पसंती’ हे पान उघडा. संगणकावर ते वर उजवीकडे, तुमच्या खात्याच्या पर्यायांच्या यादीत असतं. मोबाइलवर पर्याय तोकडे दिसले तर पानाच्या तळाशी जाऊन डेस्कटॉप दृश्य निवडा.

तिथले काही पर्याय तुम्ही इतरांना कसे दिसता ते ठरवतात, बाकीचे पानं तुम्हाला कशी दिसतात ते. अक्षर, रंग, वेळ बदलली तर फरक फक्त तुमच्या पडद्यावर पडतो. सही मात्र चावडीवर (सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर) आणि चर्चापानांवर सगळ्यांसमोर उमटते आणि नंतर पसंती बदलली तरी जुन्या सह्या तशाच राहतात. म्हणून सगळ्यात जास्त वेळ सहीला द्या.

चर्चेत मजकुराच्या शेवटी ~~~~ लिहिलं की नाव आणि वेळ उमटते. तीन चिन्हांनी फक्त नाव येतं, पाचांनी फक्त वेळ. सहीच्या चौकटीत साधं टोपणनाव लिहिलं आणि खालची विकिटेक्स्टची (विकिपीडियाच्या लेखनखुणांची) खूण रिकामी ठेवली, तर सदस्यपानाचा दुवा आपोआप जोडला जातो. नवख्यांनी हेच करावं. चौकटीत [[सदस्य:…]] असं लिहायचं आणि खूण करायला विसरायचं, ही नेहमीची चूक. मग सहीत चौकोनी कंस जसेच्या तसे दिसतात. खूण केली, तर सहीत स्वतःच्या सदस्यपानाचा, चर्चापानाचा किंवा योगदानाचा दुवा असावाच लागतो. मर्यादा २५५ चिन्हांची आहे आणि त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात: ‘की’ म्हणजे दोन चिन्हं. रंगीबेरंगी सहीत देवनागरी लिहिताना ही मर्यादा लवकर संपते ती यामुळे. शिवाय अशी सही संपादनखिडकीत मूळ मजकुरापेक्षा लांब होते आणि उत्तर लिहिणाऱ्याला वाट काढत जावं लागतं. साधीच ठेवा.

कुणाचा उल्लेख करून त्याला सूचना पोचवायची असेल, तर सदस्यपानाचा दुवा आणि तुमची सही एकाच संपादनात जतन व्हायला हवी. सही राहिली म्हणून नंतर नुसती तीच जोडली, तर सूचना जात नाही. नव्या ओळीत उल्लेख आणि सही पुन्हा एकत्र लिहा.

ईमेल पत्ता देणं सक्तीचं नाही, तरी द्याच आणि आलेल्या दुव्यावर जाऊन पक्का करा. पासवर्ड विसरलात तर नवा मिळवायचा सरळ मार्ग तोच. पत्ता जाहीर दिसत नाही. पण विकिपीडियामार्फत तुम्ही कुणाला ईमेल पाठवलंत, तर तो त्या माणसाला कळतो. तुमचा उल्लेख पुल्लिंगी व्हावा की स्त्रीलिंगी, ही निवड मात्र जाहीर असते.

वेळेसाठी यादीतून शहर निवडा, भारतात एशिया/कोलकाता. लंडनमध्ये राहणाऱ्याने तासांचा फरक हाताने भरला, तर मार्चअखेर तिथली घड्याळं पुढे जातात आणि पसंतीतली वेळ एक तास मागे राहते. शहर निवडलं की हा बदल आपोआप धरला जातो. ही वेळ पानाच्या इतिहासात आणि अलीकडील बदलांत दिसते. सहीतली वेळ तिने बदलत नाही, त्यामुळे परदेशातल्या सदस्याला एकाच संपादनाच्या दोन वेळा दिसू शकतात. त्यात बिघाड काही नाही.

वाचताना जोडाक्षरं बारीक वाटत असतील, तर ‘व्हेक्टर २०२२’ या रूपात अक्षराचा आकार आणि मजकुराची रुंदी बदलता येते. ओळी आखूड वाटल्या तर रुंदी वाढवा, पण मोठ्या पडद्यावर लांब ओळीत नजर पुढची ओळ चुकते, हे ध्यानात ठेवा.

शेवटी जतन करायला विसरू नका. नवं रूप दिसलं नाही तर कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबून पान ताजं करा. इंग्रजी विकिपीडियावर किंवा विकिस्रोतावर खातं तेच चालतं, पण या पसंती तिकडे लागू होत नाहीत. सगळीकडे एकच हवं असेल तर वैश्विक पसंतींच्या पानावर तो पर्याय निवडा.