मुलांचं समूहगान बसवताना

आषाढी उलटली की सहकारनगरच्या आमच्या सोसायटीत जिन्यात हमखास कोणीतरी अडवतं, "काकू, यंदा गणपतीत मुलांचं गाणं आहे ना?" यंदा माझे गुडघे नाही म्हणतायत. जो कोणी हे अंगावर घेईल त्याच्यासाठी लिहून ठेवते.

आधी पट्टी, म्हणजे गाण्याचा सा पेटीवर कुठे धरायचा ते. निम्मा घोळ इथेच होतो. बायका आपल्या काळी चारात, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, शिकवायला बसतात आणि मुलांना खालचा सा लागतच नाही, ती पुटपुटतात. आठ-दहा वर्षांच्या मुलांचा आवाज मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत मोकळा चालतो. गाणं सा ते तार सा असेल तर पांढरी एक किंवा दोन धरा. एखादे काका शिकवणार असतील तर मुलं त्यांच्या खर्जात शिरायला बघतात. तेव्हा ओळ काकांनी समजावावी, गाऊन मात्र एखाद्या मुलीने दाखवावी.

"जोरात म्हणा रे!" असं ओरडणाऱ्या आयांना सरावाला बसू देऊ नका. आणि सराव पार्किंगमध्ये नको. तिथे आवाज घुमतो, सगळेच किशोरीताई वाटतात, आणि स्टेजवर पितळ उघडं पडतं.

आता बेसूर मुलाचं. शाळेत स्पर्धेच्या आदल्या दिवशी बाईंनी माझ्या ताईला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." ताई आता ६३ वर्षांची आहे. घरच्या गणपतीसमोर आरतीला उभी राहते, टाळ चोख वाजवते, आणि ओठच हलवते. म्हणून हे वाक्य कुठल्याही मुलाला म्हणायचं नाही. बक्षीस गेलं तरी चालेल.

मग करायचं काय? दोन वर्षांपूर्वी एक मुलगा होता, सगळं गाणं एकाच स्वरावर, बोलल्यासारखं म्हणायचा. मी पेटी बंद केली आणि त्याला रद्दीवाल्याची नक्कल करायला सांगितली. त्याने "रद्दीऽऽ पेपरऽऽ" अशी काही खणखणीत आरोळी दिली की वॉचमन वळून बघायला लागला. आवाज वर होता, त्याला तिकडची वाट माहीत नव्हती इतकंच. त्या आरोळीचा शेवटचा स्वर मी पेटीवर शोधला, त्यालाच तो "आ"कारात धरायला लावला, आणि तिथून एकेक पट्टी खाली गाण्याच्या सा पर्यंत उतरलो. आपल्या सुरावर त्याला ओढायचं नाही, आपण त्याच्या सुरावर जायचं. मला तीन आठवडे लागले, रोज पाच मिनिटं. उभं करताना अशा मुलाच्या मागे पक्क्या कानाची दोन मुलं ठेवा. मागून आलेला सूर त्याच्या कानात पडत राहतो.

कान तयार करायला एक खेळ. पहिली ओळ मोठ्याने, दुसरी मनातल्या मनात, तिसरी पुन्हा मोठ्याने. तिसरी ओळ सगळ्यांची एकदम आणि त्याच सुरात आली पाहिजे. पहिल्या दिवशी हसून लोळतात. दहाव्या दिवशी मनातल्या ओळीच्या वेळी पंख्याचा आवाज ऐकू येतो.

लांब ओळीला सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर गाण्याला भोक पडतं. शेजाऱ्याने घेतला की आपण घ्यायचा नाही, तो परत आला की मग आपण. हे मुलांना जोड्या लावून शिकवा. आमचे आजोबा लहानपणी गणपतीच्या मेळ्यात, म्हणजे गाणाऱ्या पथकात, गात. म्हातारपणी आमची नावं विसरायचे, पण पदं पाठ होती. मात्र दर कडव्याची शेवटची ओळ अर्ध्यावर सोडून थांबायचे. आम्हाला वाटायचं, विसरले. आजीने सांगितलं, ती ओळ दुसऱ्या बाजूची मुलं उचलायची. सत्तर वर्षांनंतरही ते त्यांच्यासाठी जागा सोडत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी गाण्याआधी पेढे वाटू देऊ नका, घसे चिकटतात. कोमट पाणी द्या. माइक दोन पुरेत, मुलांपासून चार-पाच फूट लांब, नाहीतर पुढच्या दोघांचंच गाणं ऐकू येतं. पेटी माझ्याकडून घेऊन जा. तिची वरची पांढरी तीन अडकते, पण तुम्हाला तिथवर जायचंच नाहीये.