पीडितांच्या भरपाईचा प्रश्न विधानसभेपर्यंत कसा न्यावा

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 396 नुसार, गुन्ह्यातील पीडिताचा भरपाईचा अर्ज आल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने (गरजूंना कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा पातळीवरील संस्थेने) 2 महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. आपल्या जिल्ह्यात ही मुदत पाळली जाते का, हे आधी तपासावे. त्यासाठी माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्कासह अर्ज करून, गेल्या 3 वर्षांत किती अर्ज आले, किती मुदतीत निकाली निघाले आणि प्रत्यक्ष किती रक्कम दिली गेली, एवढेच विचारावे. व्यक्तींची नावे मुळीच मागू नयेत. उत्तरासाठी सर्वसाधारण मुदत 30 दिवसांची आहे.

हाती आलेले आकडे एका पानाच्या निवेदनात मांडून अधिवेशनाच्या बऱ्याच आधी आमदारांना समक्ष भेटावे आणि तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) किंवा लक्षवेधी सूचना (तातडीच्या सार्वजनिक विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी) मांडण्याची स्पष्ट विनंती करावी. केवळ ‘न्याय मिळावा’ अशी मोघम मागणी माझ्या मते फाईलमध्येच राहते.

पीडित कुटुंबाला सोबत नेण्याचा मोह मात्र आवरावा. त्यांनी स्वतः इच्छा दर्शवली तरच न्यावे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हाच आहे.