पीएच जुळला म्हणजे बफर झाला असं नाही

औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबसाठी मुलाखती घेताना नुकत्याच एमएस्सी झालेल्यांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट पाण्यात विरघळवलं, मीटरवर साडेचारच्या आसपास पीएच दिसला. हा बफर, म्हणजे थोडं आम्ल किंवा अल्कली पडलं तरी पीएच फारसा हलू न देणारं द्रावण, झाला का? बहुतेक जण बिनधास्त 'हो' म्हणतात.

नाही झाला. पीकेए म्हणजे ज्या पीएचला आम्ल रूप आणि अल्कली रूप निम्मं-निम्मं असतं तो आकडा; फॉस्फेटचे पीकेए 2.15, 7.20 आणि 12.35. बफर खरा टिकाव धरतो तो पीकेएच्या एक वर, एक खाली एवढ्याच पट्ट्यात. साडेचार पडतो पहिल्या दोघांच्या अधेमधे, त्यामुळे आम्लाचे चार थेंब पडले तरी आकडा घसरतो. तिथे अ‍ॅसिटेट घ्यावा, त्याचा पीकेए 4.76. तपासणीच्या ठरलेल्या कृतीत, म्हणजे मेथडमध्ये, फॉस्फेटच लिहिलंय म्हणून आपण तो निमूट बनवतो, ते वेगळं. पण एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक कॉलम नावाच्या नळीतून वेगळे करणारं यंत्र) आलेखातला पीक, म्हणजे घटकाचं शिखर, का सरकतोय हे शोधायची वेळ आली की ही गोष्ट डोक्यात असलेली बरी.

आता आकडेमोड. 7.4 चा 0.1 मोलर फॉस्फेट, एक लिटर. पीएच आणि पीकेए जोडणाऱ्या हेंडरसन-हॅसलबाल्खच्या सूत्रात 7.4 मधून 7.2 वजा केले की उरतात 0.2, म्हणजे अल्कली रूप आम्ल रूपाच्या 1.58 पट. अल्कली रूप डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट 8.70 ग्रॅम, आम्ल रूप पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 5.27 ग्रॅम. पण पहिलं वजन निर्जल क्षाराचं आहे. बाटलीवर 'डायहायड्रेट' असेल तर 10.9 ग्रॅम लागेल. लेबल न वाचता बॅलन्सकडे जाऊ नका.

एवढं चोख करूनही मीटर 7.4 दाखवत नाही, सातच्या आसपास थांबतो. नवीन माणूस इथे गडबडतो, इलेक्ट्रोडला दोष देतो. इलेक्ट्रोड बिचारा बरोबर असतो. पुस्तकातला 7.20 अगदी विरळ द्रावणाचा; 0.1 मोलरला आयनांच्या गर्दीत तो 6.8 च्या घरात येतो. म्हणूनच दहापट तीव्र साठा पातळ केला की पीएच चढतो. साठ्यावर मोजलेला पीएच कामाच्या द्रावणाला लावू नये.

बाकी हाताच्या सवयी. मीटर 4, 7 आणि 9.2 ला कॅलिब्रेट करायचा, इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये न ठेवता 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायचा. ट्रिस हा दुसरा बफर असेल तर तापमान बघाच, ते चढलं की दर अंशाला पीएच साधारण 0.03 ने उतरतो. पीएच उतरवायला ऑर्थोफॉस्फोरिक आम्ल पातळ करून थेंबथेंब घाला. पीएच हवा त्याच्या खाली गेला तर अल्कली घालून परत वर आणू नका. क्षार वाढतो, रिटेन्शन टाइम (घटक कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) बदलू शकतो. ओता आणि नवा करा. सीनिअर कुरकुरेल, कुरकुरू दे. बफरमध्ये मिसळायचा सेंद्रिय द्रावक, अ‍ॅसिटोनायट्राइल, नेहमी पीएच लावून झाल्यावर, नंतर 0.45 मायक्रॉनचा फिल्टर. आणि रन संपला की कॉलम आधी भरपूर पाणी असलेल्या मिश्रणाने धुवा. थेट शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलंत तर फॉस्फेट आतच बसतो आणि पंपाचं प्रेशर चढतं.